‘सप्ताह’ उठवताना

श्रावण लागला की वास्कोतल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात एकच शब्द दिवसातून दहा-बारा वेळा टाइप होतो : सप्ताह. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दामोदराच्या देवळात भजन सुरू होतं आणि चोवीस तास थांबत नाही, तोच हा सप्ताह. सव्वाशे वर्षं हे चाललंय. त्याआधी आठवडाभर स्वागताच्या बॅनरांची रांग. गिऱ्हाईक बोलतं कोंकणीत, मजकूर देतं मराठीत, आणि जाताना हटकून बजावतं : ‘अक्षरां थ्रीडी जाय हां!’

थ्रीडी म्हणजे काय, हे मी संगणकाच्या आधी पेडण्यात शिकलो. आमच्या गावचा पेंटर आधी सपाट अक्षर रंगवायचा, मग बारीक ब्रशने प्रत्येक दांड्याच्या उजव्या आणि खालच्या कडेला काळपट पट्टी ओढायचा. उजेड डावीकडून वरून येतो, हे त्याने मनात धरलेलं असायचं. पुढे फोटोशॉप उघडलं तेव्हा उजेडाचा कोन आधीच १२० अंशांवर ठेवलेला दिसला. म्हणजे तोच, डावीकडून वरून. पेंटरला हे सांगितलं तर त्याला त्यात नवल काही वाटलं नाही.

सपाट शब्दाला उठाव देणारी ‘बेव्हल अँड एम्बॉस’सारखी सोय फोटोशॉपात १९९८ पासून आहे. मी तिथे ‘चिझल हार्ड’ निवडतो. चिझल म्हणजे छिन्नी, आणि अक्षर खरोखर दगडातून तासल्यासारखं होतं. खुबी आहे ती ‘साइझ’च्या आकड्यात. दांडा चाळीस पिक्सेल जाड असेल तर वीसला दोन्ही बाजूंचे उतार मधोमध भेटतात आणि घराच्या आढ्यासारखी धार तयार होते. त्याहून कमी ठेवलं तर माथा सपाट राहतो. पण देवनागरीत सगळ्या रेघा एका जाडीच्या कुठे असतात? शिरोरेषा दांड्यापेक्षा बारीक, तिची धार आधीच जुळते आणि ती बुटकी राहते. ‘प’चं पोट गोल, तिथे उजेड हळूहळू वळतो. आणि अनुस्वार? त्या टिंबाचा चक्क मोदक होतो. ‘मंडळ’ शब्दावर तो मोदक इतका शोभतो की मी कधी त्याला हात लावत नाही.

मग सोन्याचा रंग : तपकिरी, पिवळा, मध्ये पांढरी तिरीप, पुन्हा तपकिरी. सोनं म्हणजे नुसता पिवळा नव्हे, हे नवीन पोरांना समजायला वेळ लागतो. जाडी दाखवायची तर मी अजून जुनी युक्ती वापरतो. ऑल्ट दाबून बाणाची कळ दाबत राहायचं. प्रत्येक दाबाला अक्षराची एक प्रत, एक पिक्सेल सरकलेली. तीस-चाळीस प्रती झाल्या की खाली भिंत उभी राहते.

खरी डोकेदुखी मराठीची. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांना युनिकोड मराठी जोडता येत नव्हतं. ‘वास्को’ टाइप केलं की ‘स’ पाय मोडून वेगळा पडायचा आणि शेजारी ‘को’ एकटा. गावाचं नावच तुटलेलं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची सोडून नंतर जाऊन बसायची. म्हणून आम्ही श्रीलिपीसारखे जुने फाँट धरून राहिलो. त्यांत अक्षर तुकड्यांनी बनतं : अर्धा ‘प’ वेगळा, काना वेगळा, आणि शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर चढवलेले. सपाट छापलं तर सांधा दिसत नाही. उठाव द्यायला गेलं की तो उघडा पडतो.

एका वर्षी घाईत मी कोरलड्रॉमध्ये ‘सप्ताह’ची अक्षरं वळणरेषांत बदलली, ‘कंबाइन’ केली आणि जाडी दिली. ‘वेल्ड’ करायला विसरलो. कंबाइनमध्ये दोन आकार जिथे एकमेकांवर येतात तिथे भोक पडतं. स्क्रीनवर सगळं छोटं दिसत होतं, मला कळलंच नाही. दहा फुटांचा फ्लेक्स मशीनमधून बाहेर आला, गिऱ्हाइकाने तो जमिनीवर पसरला आणि म्हणाला, ‘पात्रांव, हाका बुराक पडल्यात मरे!’ शिरोरेषेवर चार ठिकाणी खिडक्या. तो फ्लेक्स अजून आमच्या मागच्या खोलीच्या छपरावर पावसाला अडवतोय.

मधल्या काळात फोटोशॉपातच अक्षराला खरीखुरी जाडी देऊन फिरवता येऊ लागलं. २०१० मधल्या आवृत्तीत त्या हत्याराचं नाव होतं ‘रेपुसे’. शब्द फ्रेंच, धातूचा पत्रा मागून ठोकून उठवण्याच्या कामाचा. गोव्यातल्या देवळांत गाभाऱ्याच्या चौकटीवर चांदीचा पत्रा असतो ना, तेच ते काम. आमच्या दुकानातल्या संगणकाला मात्र ते झेपत नसे. एक ‘श्री’ फिरवायचा तर चहा पिऊन यावं लागे. २०२१ मध्ये कंपनीने त्रिमितीची ती हत्यारं काढायला घेतली तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही. बॅनर काही कुणी फिरवून बघत नाही.

आता युनिकोड नीट जुळतं, ‘वास्को’ एकसंध येतो. तरी उठाव देण्याआधी मी शब्द चारशे टक्के मोठा करून शिरोरेषेवरून डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवतो. ‘प्ता’पाशी थांबतो. मग देवाच्या फोटोवर उजेड कुठून आलाय ते बघून अक्षराचा कोन त्याला जुळवतो. मूर्ती उजवीकडून उजळलेली आणि अक्षरं डावीकडून, असं झालं की बॅनर कातरकाम केल्यासारखा वाटतो.

परवाच एका मंडळाचा बॅनर असा तासभर घासूनपुसून दाखवला. मंडळाचे पाच जण आले होते, पाचही स्क्रीनपुढे वाकले. बराच वेळ कुणी बोललं नाही.

‘नांव बरें उठलां,’ त्यांतला एक शेवटी म्हणाला, ‘पूण आमचो फोटो ल्हान जाला.’