वायरीविना गिटार

मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. वायरलेसचा चॅनेल तपासतो तो मांडव भरल्यावर. स्वस्त सेट बहुधा 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि वाय-फाय, ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. दुपारी रिकाम्या मैदानात झकास वाजलेली गिटार रात्री शेकडो मोबाइलांपुढे अडखळू शकते. माणसाचं शरीरही या लहरी शोषतं, म्हणून रिसीव्हर मंचावरच, माझ्या नजरेसमोर ठेवतो. चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना असतात. जिथे सिग्नल जोरात, तिथला उचलला जातो.

वायरलेसचा फायदा फक्त नाचण्या-फिरण्याचा नाही, विजेच्या धक्क्यापासून बचावाचाही आहे. 1976 मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँडला ‘किस’ बँडच्या गिटारवादक एस फ्रेलीला मंचावर विजेचा जबर धक्का बसला. त्यानंतर बँडने केन शॅफरने बनवलेली वायरलेस यंत्रणा घेतली.

डिजिटल सेटवर आवाज काही मिलिसेकंद उशिरा पोचतो. पण तीन मिलिसेकंदांत आवाज हवेत जेमतेम एक मीटर जातो. अ‍ॅम्पपासून तेवढं मागे सरकलं तरी उशीर तितकाच. लांब वायर आवाजाची धार थोडी मारते, त्यामुळे वायरलेसवर गिटार टोकदार वाटते. मी ट्रेबल जरा उतरवतो.

आणि बॅगेत एक वायर ठेवतोच. बॅटरी निवेदकाला विचारून संपत नाही.