एक ‘=’ कमी आणि अख्खा कॉम्प्युटर दुसऱ्याच्या ताब्यात! लिनक्समध्ये कोड तपासतात कसा?

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये सगळ्या ॲप्सच्या खाली एक प्रोग्राम सतत चालू असतो, तो म्हणजे कर्नल. मेमरी कोणाला किती द्यायची, कोणत्या ॲपला कुठली फाइल वाचू द्यायची, हे तो सांभाळतो. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सवर आधारलेला आहे आणि लिनक्सचा कोड जगभरातले हजारो लोक मिळून लिहितात. मग यात कोणी मुद्दाम वाईट कोड घुसवला तर?

२००३ मध्ये असा प्रयत्न खरंच झाला.

नेमकं काय झालं?

लिनक्सचा मूळ कोड तेव्हा बिटकीपर नावाच्या सिस्टिममध्ये असायचा. त्याची एक प्रत सीव्हीएस नावाच्या दुसऱ्या सिस्टिममध्येही ठेवलेली होती. नोव्हेंबर २००३ मध्ये कोणीतरी या प्रतीच्या सर्व्हरमध्ये शिरून दोन ओळी टाकल्या. वाचताना ती साधी तपासणी वाटायची: दोन ठरावीक ऑप्शन एकत्र आले आणि युजरचा नंबर शून्य असेल, तर एरर दे.

मेख एका चिन्हात होती. सी भाषेत ‘समान आहे का?’ असं विचारायला ‘==’ लागतं. एकच ‘=’ लिहिलं की त्या प्रश्नाचा हुकूम होतो: युजरचा नंबर शून्य कर! लिनक्समध्ये शून्य नंबर म्हणजे रूट, सगळ्या सिस्टिमचा मालक. ते दोन ऑप्शन वापरणारा कोणताही साधा प्रोग्राम गुपचूप रूट झाला असता.

हे पकडलं गेलं ते नोंदींमुळे. प्रत मूळ कोडशी ताडून बघताना हा बदल जुळेना, त्याला मंजुरीची नोंदच नव्हती. मग लोकांनी त्या ओळी नीट वाचल्या. मूळ कोडपर्यंत तो बदल पोचलाच नाही.

आज बदल कसा तपासतात?

डेव्हलपर आपला बदल, म्हणजे पॅच, ईमेलने त्या भागाच्या मेंटेनरला आणि इतर जाणकारांना पाठवतो. काय बदललं यासोबत का बदललं, हेही लिहावं लागतं. लोक एकेका ओळीवर प्रश्न विचारतात, पॅच सुधारून पुन्हा पाठवावा लागतो. मान्य झाला की पाठवणाऱ्याचं आणि मेंटेनरचं नाव त्यावर कायमचं नोंदलं जातं. पुढे इतर पॅचेससोबत त्याची चाचणी होते आणि शेवटी लिनस टॉरवाल्ड्स तो मुख्य कोडमध्ये घेतात. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती ही नावानिशी नोंद. कोड कितीही साळसूद दिसला, तरी ‘हे कोणी, कशासाठी टाकलं?’ याचं उत्तर असावंच लागतं.

तरीही चुका निसटतात. ‘डर्टी काऊ’ नावाची चूक २००७ पासून कर्नलमध्ये होती आणि ती उघड झाली २०१६ मध्ये. अँड्रॉइड फोनही तिच्या तावडीत सापडले होते. अशा चुकांची दुरुस्तीही याच चाळणीतून जाते आणि सिक्युरिटी अपडेट बनून तुमच्या फोनवर येते.

त्यामुळे पुढच्या वेळी अपडेटचं नोटिफिकेशन आलं की ‘नंतर’ दाबू नका. तपासणाऱ्यांनी त्यांचं काम केलेलं असतं, शेवटचं बटण मात्र तुम्हालाच दाबावं लागतं.