माळ्यावरचा लॅपटॉप, पोटात अँड्रॉइड!

माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली एखादा चिमुकला लॅपटॉप पडलाय? दहा इंची पडदा, बोटं जेमतेम मावतील एवढा कीबोर्ड आणि विंडोज सुरू होता होता चहा उकळून कपात यावा अशी चाल? भंगारवाल्याला हाक मारू नका! त्याच्यात मोबाइलचं अँड्रॉइड घालता येतं. कसं आणि का, ते या गमतींमधून बघा.

एका नावात तीन ‘ई’
या छोट्या लॅपटॉपांची लाट आणली तैवानच्या आसुसनं, २००७ मध्ये. मॉडेल होतं ‘ई पीसी ७०१’. इंग्रजीत नावात ओळीनं तीन ‘ई’, म्हणजे शिकायला सोपा, कामाला सोपा, खेळायला सोपा! सात इंची पडदा, ४ जीबी साठवण, ५१२ एमबी रॅम आणि वजन किलोभराच्या आत. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्याशा शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोचले होते. लहान, स्वस्त संगणकाचं स्वप्न आपल्या डोंगरातही पाहिलं जात होतं.

फोनपेक्षा लॅपटॉप दांडगा
अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, २००८ मध्ये आला. त्याची रॅम फक्त १९२ एमबी! म्हणजे वर्षभर आधीच्या त्या सात इंची लॅपटॉपची रॅम त्याच्या अडीचपटींहून जास्त. अँड्रॉइडनं पहिली पावलं टाकली ती अशा तुटपुंज्या संसारात.

फोनसाठी नव्हे, कॅमेऱ्यासाठी!
२००३ मध्ये अँड्रॉइड कंपनी सुरू झाली, तेव्हा डोक्यात होते डिजिटल कॅमेरे. फोनचा विचार नंतरचा. २००५ मध्ये गूगलनं कंपनी विकत घेतली. अँड्रॉइडचा गाभा मात्र लिनक्सचा आणि आसुसचा तो पहिला छोटा लॅपटॉपही लिनक्सवरच चालायचा. दोघांचं गोत्र एकच!

तैवानची यंत्रं, तैवानचाच कारागीर
बहुतेक अँड्रॉइड फोन ‘आर्म’ जातीच्या चिपवर चालतात, जुने लॅपटॉप इंटेलच्या ‘एक्स८६’ चिपवर. ही दरी बुजवायला २००९ मध्ये ‘अँड्रॉइड-एक्स८६’ प्रकल्प सुरू झाला. त्याचा मुख्य आधारस्तंभ तैवानचा प्रोग्रामर चिह-वेई हुआंग. अँड्रॉइड ४.० च्या वेळी तर या मंडळींनी ई पीसीसाठी खास वेगळी फाइल काढली होती. सगळं मोफत आणि खुलं. कुणीतरी रात्री जागवून केलेलं हे काम आपल्या माळ्यापर्यंत पोचतं, याचं मोल मोठं आहे.

दुकानातूनच जोडीनं
असा प्रयोग घरगुती उपद्व्यापींनीच केला असं नाही. २००९ मध्ये एसरनं ‘अ‍ॅस्पायर वन’चं एक मॉडेल विंडोज आणि अँड्रॉइड, दोन्ही घालूनच विकायला काढलं होतं.

चिपचा दुभाषा
काही अ‍ॅप्समध्ये फक्त आर्म चिपला कळणारा कोड असतो. तो इंटेलला समजावून सांगणारा एक दुभाषा आहे, नाव ‘हुडिनी’. इंटेलच्या चिपवरचे फोन निघाले, तेव्हा त्याची गरज पडली. आणि इंटेल चिपचा जगातला पहिला अँड्रॉइड फोन, झोलो एक्स९००, विक्रीला आला तो २०१२ मध्ये आपल्या भारतात!

आधी चव, मग ताट
अँड्रॉइड-एक्स८६ची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. यादीत ‘इन्स्टॉल न करता चालवा’ असा पर्याय दिसतो. हार्ड डिस्कला धक्का न लावता वाय-फाय, आवाज, पडदा, सगळं तपासून घ्या. जमलं तरच इन्स्टॉल करा. त्याआधी जुने फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, कारण डिस्क फॉरमॅट केली की ते गेलेच.

एक बटण, दोन कामं
ई पीसी सुरू होताना एस्केप दाबलं की कशावरून सुरू व्हायचं ते विचारतो. अँड्रॉइड चालू झाल्यावर तेच बटण ‘मागे जा’चं काम करतं. विंडोजचं बटण होतं ‘होम’ आणि माउसची क्लिक म्हणजे बोटाचा स्पर्श.

पडदा आडवा, अ‍ॅप उभं
काही अ‍ॅप्स उभ्या फोनसाठीच घडवलेली. ती उघडली की चित्र आडवं पडतं आणि मान वाकडी करावी लागते! आडव्या पडद्याला मानवणारी अ‍ॅप्स निवडा: पुस्तकं, गाणी, व्हिडिओ, टिपणं.

खाऊची यादी
अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना गोड पदार्थांची नावं असायची. ४.४ म्हणजे ‘किटकॅट’. ५१२ एमबीच्या फोनवरही चालावी म्हणून ती मुद्दाम हलकी केली होती. पण आजची बरीच अ‍ॅप्स तिला नाकारतात. रॅम २ जीबी असेल, तर ‘पाय’ म्हणजे ९.० करून बघा. मात्र प्रोसेसर जुना असेल, तर ३२ बिटांचीच फाइल घ्या. पहिल्या पिढीतल्या अनेक छोट्या लॅपटॉपांतली इंटेल अ‍ॅटम एन२७० चिप ६४ बिटांची फाइल चालवूच शकत नाही.

आणि मराठी?
२०१४ च्या ५.० ‘लॉलिपॉप’पासून अँड्रॉइडचे मेन्यू, सेटिंग, सूचना, सगळं मराठीत करता येतं. इंग्रजी मेन्यूला बिचकणाऱ्या आजीसमोर मराठी बोलणारं यंत्र ठेवा. फोनपेक्षा मोठी अक्षरं, खरीखुरी बटणं. तिचा हात आपोआप पुढे येईल.

एक पथ्य मात्र पाळा. या जुन्या आवृत्त्यांना आता सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळत नाही. बँकेचे व्यवहार आणि पासवर्ड त्यावर नकोतच. भजनं, रेसिपी, ई-पुस्तकं, नातवंडाच्या पाढ्यांचं अ‍ॅप, एवढ्यासाठी तो लॅपटॉप अजून भक्कम आहे. १९२ एमबीत ज्या अँड्रॉइडचा संसार सुरू झाला, त्याला तुमच्या माळ्यावरचं घर नक्कीच ऐसपैस वाटेल. या रविवारी शिडी लावा!