बालकांचे लसीकरण वेळापत्रक, पालकांची पसंती आणि बालरोगतज्ज्ञांची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतातील लसीकरणाचा आरंभ या घटनेपासून मानला जातो. त्यानंतरच्या दोन शतकांत देवीचा रोग नामशेष झाला. पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण भारतात जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. लसीकरणाच्या उपयुक्ततेविषयी सुशिक्षित समाजात आज फारसे दुमत नाही. मात्र 'लस द्यावी की नाही' या प्रश्नाची जागा आता 'कोणती लस, कधी आणि एका वेळी किती' या प्रश्नांनी घेतलेली दिसते.

शहरातील व निमशहरी भागातील नवपालकांच्या हाती बाळाच्या जन्मानंतर सामान्यतः दोन कागद येतात. एक शासनाचे माता व बाल संरक्षण कार्ड आणि दुसरी खाजगी बालरोगतज्ज्ञांनी दिलेली फाइल. या दोहोंतील वेळापत्रके तंतोतंत जुळत नाहीत. पालक प्रश्न विचारतात, तेव्हा काही डॉक्टर रागावतात, तर काही पालक म्हणतील त्याला मान डोलावतात. अशा परिस्थितीत पालकांच्या मताचा आदर करणारा बालरोगतज्ज्ञ कसा ओळखावा, हा प्रश्न वरवर वैयक्तिक वाटला तरी तो बालकाच्या जीविताशी आणि सार्वजनिक आरोग्याशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा ऊहापोह केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. शासकीय व खाजगी लसीकरण वेळापत्रकांतील भेद समजून घेणे.
२. वेळापत्रकाविषयीच्या पालकांच्या पसंतीमागील कारणे तपासणे.
३. पसंतीला वाव कोठे आहे व कोठे नाही, हे स्पष्ट करणे.
४. बालरोगतज्ज्ञांच्या निवडीचे निकष सुचविणे.

अभ्यास पद्धती :

सदर लेख वर्णनात्मक स्वरूपाचा असून शासनाचे लसीकरण वेळापत्रक, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशी, वैद्यकीय नीतिनियम व न्यायालयीन निर्णय या दुय्यम साधनांवर तो आधारलेला आहे.

विषय विवेचन :

१. दोन वेळापत्रके

भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला व १९८५ मध्ये त्याला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे स्वरूप प्राप्त झाले. या कार्यक्रमानुसार जन्मतः बीसीजी, पोलिओचे थेंब व कावीळ-ब ची लस दिली जाते. सहा, दहा व चौदा आठवड्यांना पंचगुणी लस (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब व हिब), पोलिओ आणि रोटाव्हायरसचे डोस असतात. सहा व चौदा आठवड्यांना पोलिओचे इंजेक्शन व न्यूमोकोकल लसही दिली जाते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला लसीचा पहिला व सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस येतो. या सर्व लसी शासकीय केंद्रांवर विनामूल्य मिळतात.

दुसरीकडे १९६३ साली स्थापन झालेली इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही संघटना आपल्या सभासदांसाठी स्वतंत्र शिफारशी प्रसिद्ध करते. त्यांत गालगुंडाचा समावेश असलेली एमएमआर लस, तसेच विषमज्वर, कांजिण्या, कावीळ-अ व इन्फ्लुएन्झा यांच्या लसी अंतर्भूत आहेत. शासनाला कोट्यवधी बालकांचा, रोगाच्या भाराचा व खर्चाचा विचार करावा लागतो. संघटना दवाखान्यात समोर बसलेल्या एका बालकाचा विचार करते. म्हणून ही वेळापत्रके परस्परविरोधी नाहीत. मूळ गाभा एकच असून दुसऱ्यात काही भर आहे. ही साधी बाब पालकांना स्पष्ट करून न सांगितल्यामुळे 'डॉक्टर उगाच लसी वाढवतात' किंवा 'सरकारी लस कमी दर्जाची' असे दोन्ही टोकांचे गैरसमज निर्माण होतात.

२. पालकांच्या पसंतीमागील कारणे

वेळापत्रकात बदल मागणारा प्रत्येक पालक लसविरोधी असतो, असे मानणे चुकीचे ठरेल. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. जन्मतःच्या व पुढील एक-दोन टप्प्यांच्या लसी माहेरच्या गावी होतात आणि नंतर आई सासरी परतते. कार्ड माहेरी राहते, दवाखाना बदलतो व एखादा डोस लांबणीवर पडतो. दुसरे कारण भीतीचे. सहाव्या आठवड्याला शासकीय केंद्रावर तान्ह्या बाळाला तीन इंजेक्शने व दोन तोंडावाटे द्यावयाच्या लसी एकाच दिवशी मिळतात. हे पाहून आजीचा जीव कळवळणे स्वाभाविक आहे. पहिल्या डोसनंतर ताप आला असेल, तर दुसरा डोस पुढे ढकलण्याचा आग्रह होतो. बाळाला थोडी सर्दी आहे म्हणूनही लस टाळली जाते. नोकरदार आईला रजा मिळण्याची अडचण आणि खाजगी लसींचा खर्च ही आणखी दोन कारणे होत.

३. वेळ ठरविण्यामागील शास्त्र

लसीची वेळ दोन गोष्टींचा मेळ घालून ठरते : रोगाचा धोका केव्हा सर्वाधिक असतो आणि बाळाचे शरीर लसीला केव्हा प्रतिसाद देऊ शकते. गोवराचे उदाहरण बोलके आहे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात व तोवर लसीचा परिणाम उणावतो. नऊ महिन्यांना दिलेल्या डोसने सुमारे ८५ टक्के बालकांना संरक्षण मिळते. वर्षानंतर दिल्यास हे प्रमाण याहून अधिक असते. तरीही भारतात पहिला डोस नऊ महिन्यांना दिला जातो, कारण येथे गोवर वर्षाच्या आतील बालकांनाही गाठतो. उरलेली उणीव दुसरा डोस भरून काढतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा उद्रेकग्रस्त भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांनाही जादा डोस देण्याचे धोरण स्वीकारावे लागले. 'थोडे मोठे होऊ दे, मग देऊ' या विचाराची किंमत अशा वेळी कळते.

कावीळ-ब चा जन्मतःचा डोस चोवीस तासांच्या आत देणे अपेक्षित असते. प्रसूतीच्या वेळी आईकडून हा संसर्ग झालेल्या अर्भकांपैकी सुमारे ९० टक्के बालकांत तो दीर्घकालीन होतो. डांग्या खोकलाही आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक घातक असतो. म्हणजे सहा आठवड्यांची लस सहा महिन्यांवर नेणे म्हणजे ज्या काळासाठी ती आहे, तोच काळ बाळाला असुरक्षित ठेवणे होय.

४. पसंतीला वाव कोठे आहे?

असे असले तरी वेळापत्रकाच्या चौकटीत पालकांच्या मताला बराच वाव आहे. पहिली बाब इंजेक्शनांच्या संख्येची. खाजगी दवाखान्यात मिळणाऱ्या षड्गुणी लसीत पोलिओचे इंजेक्शन समाविष्ट असल्याने एक टोचणे कमी होते. हे परवडत नसेल व एकाच दिवशी तीन इंजेक्शने नकोच असतील, तर निष्क्रिय लसी काही दिवसांच्या अंतराने दोन भेटींत देता येतात. मात्र प्रत्येक वाढीव भेटीबरोबर डोस चुकण्याची शक्यता वाढते, हे डॉक्टरांनी सांगितले पाहिजे.

दुसरी बाब 'न दुखणाऱ्या' लसीची. डांग्या खोकल्याच्या अपेशीय लसीने ताप व सूज कमी येते, परंतु तिचे संरक्षण पूर्णपेशीय लसीच्या तुलनेत लवकर ओसरते. येथे निवड पालकांची आहे. पण दोन्ही बाजू समजल्यावरच ती खऱ्या अर्थाने निवड ठरते. तिसरी बाब ऐच्छिक लसींच्या क्रमाची. आर्थिक ऐपतीनुसार कोणती लस आधी घ्यावी, हे चर्चेने ठरविता येते. गाभ्याच्या लसी शासकीय केंद्रात व उर्वरित खाजगीत घेणे हाही पूर्णतः योग्य मार्ग आहे.

किरकोळ सर्दी किंवा खोकला हे लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. राहिलेला डोस कितीही उशिरा लक्षात आला तरी संपूर्ण मालिका पुन्हा सुरू करावी लागत नाही. राहिला तेथून पुढे चालावे. मात्र रोटाव्हायरससारख्या लसीला वयाची वरची मर्यादा असल्याने विलंब झाल्यास ती संधी कायमची हुकते.

५. अमेरिकेतील अनुभव

या विषयाची चर्चा अमेरिकेत अधिक तीव्रतेने झाली. २००७ मध्ये डॉ. रॉबर्ट सीअर्स यांच्या पुस्तकाने लसी लांबवून देण्याचे पर्यायी वेळापत्रक लोकप्रिय केले. २०१३ मध्ये तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला असता प्रचलित वेळापत्रक असुरक्षित असल्याचे दिसून आले नाही. लस सर्वस्वी नाकारणाऱ्या कुटुंबाला आपल्या सेवेतून वगळणे हा डॉक्टरांपुढील एक स्वीकारार्ह पर्याय असल्याचे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये नमूद केले. या धोरणावर मतभेद आहेत. कारण दार बंद झालेले पालक बहुधा अशा ठिकाणी जातात, जेथे त्यांना कोणी प्रश्नच विचारत नाही. त्यात नुकसान बालकाचेच होते.

६. कायदा व वैद्यकीय नीती

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात रुग्णाला पुरेशी माहिती देऊन संमती घेण्याचे तत्त्व अधोरेखित केले. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल प्रकरणात, कोविड लसीकरणाच्या संदर्भात, कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, असे सांगतानाच सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकारही मान्य केला. तथापि प्रौढ व्यक्ती स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेते, तर पालक दुसऱ्या जिवाविषयी. म्हणून पालकांचा अधिकार हा मूलतः विश्वस्ताचा अधिकार आहे, असे म्हणणे उचित ठरेल.

वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टर प्रत्येक रुग्ण स्वीकारण्यास बांधील नाहीत. परंतु एकदा स्वीकारलेल्या रुग्णाला पुरेशी सूचना दिल्याशिवाय सोडता येत नाही. तसेच मागणी केल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत देणे अपेक्षित आहे. दवाखाना बदलणाऱ्या पालकांना ही तरतूद विशेष उपयुक्त आहे.

७. निवडीचे निकष

बाळंतपणापूर्वीच एखाद्या बालरोगतज्ज्ञांची भेट घेऊन पुढील प्रश्न विचारावेत :

१. आपण कोणते वेळापत्रक वापरता व शासकीय वेळापत्रकापेक्षा त्यात काय वेगळे आहे?
२. शासकीय केंद्रावर घेतलेल्या लसी आपण मान्य करता काय?
३. एका भेटीतील इंजेक्शने कमी करावयाची असल्यास कोणते पर्याय आहेत व त्यांचे तोटे कोणते?
४. एखादा डोस राहिल्यास आपण काय करता?
५. कोणत्या लसीबाबत विलंब आपण मुळीच मान्य करणार नाही व का?

यांपैकी पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. या प्रश्नाला शांतपणे, कारणांसह 'नाही' असे उत्तर देणारे डॉक्टर पालकांचा अनादर करीत नाहीत. उलट, 'तुम्ही म्हणाल तसे करू' असे उत्तर देणाऱ्या डॉक्टरांनी आपली जबाबदारी पालकांच्या खांद्यावर टाकलेली असते. प्रश्न पूर्ण ऐकून घेणे, फाइलमध्ये प्रत्येक लसीची तारीख व बॅच क्रमांक नोंदविणे आणि खर्च आधी सांगणे ही चांगल्या डॉक्टरांची आणखी काही लक्षणे होत.

निष्कर्ष :

१. शासकीय व खाजगी वेळापत्रकांचा गाभा समान असून भेद मुख्यतः वाढीव लसींचा आहे.
२. पालकांची पसंती बहुतांशी विरोधातून नव्हे, तर भीती, गैरसोय व अपुऱ्या माहितीतून येते.
३. लसीचा प्रकार, इंजेक्शनांची विभागणी, ठिकाण व ऐच्छिक लसींचा क्रम यांत पसंतीला वाव आहे. जन्मतःच्या, पहिल्या चौदा आठवड्यांच्या व गोवराच्या लसी लांबविण्यास तो नाही.
४. आदर म्हणजे होकार नव्हे. कारणे समजावून सांगणे हाच पालकांचा खरा आदर होय.

समारोप :

अध्यापनाच्या क्षेत्रात आपण जाणतोच की, विद्यार्थ्याच्या प्रत्येक उत्तराला बरोबर म्हणणारा शिक्षक त्याचा हितचिंतक नसतो आणि प्रश्न विचारताच खाली बसविणाराही नसतो. बालरोगतज्ज्ञांच्या बाबतीतही हेच खरे आहे. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना विभाग व समाजशास्त्र, गृहविज्ञान यांसारखे विषय या दृष्टीने पालक प्रबोधनाचे कार्य करू शकतात. तान्हे बाळ आपली पसंती सांगू शकत नाही. पालक व डॉक्टर यांच्यातील संवादात त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी दोघांचीही आहे.