जगप्रदक्षिणेतला ‘मुक्काम’ म्हणजे सुट्टी नाही! शिडाच्या बोटीवर बंदरात नेमकं काय चालतं?

2 ऑक्टोबर 2024. गोव्याहून भारतीय नौदलाची ‘आयएनएसव्ही तारिणी’ ही 56 फुटी शिडाची बोट जगप्रदक्षिणेला निघाली. बोटीवर दोघीच होत्या, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. वाटेत त्या फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाऊन अशा चार बंदरांत थांबल्या.

इतके दिवस समुद्रात काढल्यावर बंदरात माणूस काय करेल? आंघोळ, झोप, गरम जेवण. ते होतंच, पण मुक्कामातला मोठा वेळ जातो बोटीच्या दुरुस्तीत.

कारण साधं आहे. लिटलटन ते पोर्ट स्टॅनली हा टप्पा सहा आठवड्यांहून मोठा. वाटेत पॉइंट निमो लागतो. तिथून सगळ्यात जवळची जमीन 2,688 किलोमीटरवर. तिथे दोर तुटला तर ना मेकॅनिक मिळतो, ना स्पेअर पार्ट.

एक वर, एक खाली

सगळ्यात महत्त्वाची तपासणी डोलकाठीची. एवढ्या बोटीची डोलकाठी अनेक मजली इमारतीइतकी उंच असते. दोरीला टांगलेल्या कापडी खुर्चीत एकजण बसते, दुसरी खालून हाताने विंच फिरवत तिला वर चढवते. वर गेलेलीने डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या जाड तारांवर नजर फिरवायची. तारेच्या पिळातला एखादा बारीक धागा तुटलाय का, पिना जागेवर आहेत का, कुठे तडा दिसतोय का, हे सगळं पाहायचं. तेवढा वेळ तिचा जीव खालच्या जोडीदाराच्या हातात असतो. दोघांच्या बोटीवर एकमेकांवर विश्वास म्हणतात तो हाच.

मग शिडं खाली उतरतात. शीड जोराच्या वाऱ्यापेक्षा सततच्या घासण्याने जास्त फाटतं, म्हणून प्रत्येक शिवण तपासायची आणि उसवली असेल तिथे टाके घालायचे. दोरांचंही तसंच. ज्या जागी दोर रोज कप्पीवर घासतो, ती जागा झिजते. मग दोराचं टोक थोडं कापून टाकतात किंवा दोर उलटा करून लावतात, म्हणजे घर्षण नव्या जागी जातं.

पुढे सुकाणू, बॅटऱ्या, डिझेलचे फिल्टर, समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, आत शिरलेलं पाणी उपसणारे पंप. ही कामं कंटाळवाणी वाटतात, पण सुकाणूचं महत्त्व तारिणीला आधीच कळलं होतं. 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी याच बोटीतून जगप्रदक्षिणा केली, तेव्हा सुकाणूतल्या बिघाडामुळे त्यांना मॉरिशसला थांबावं लागलं होतं.

अर्थात तयारी चोख असली म्हणजे सगळं टळतं, असंही नाही. सप्टेंबर 2018 मध्ये हिंदी महासागरातल्या वादळात अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. ‘ओसिरिस’ या फ्रेंच बोटीने त्यांना वाचवलं.

कोकणाला हे नवं नाही

1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतात. तळ खरवडायचा, फळ्यांच्या फटी बुजवायच्या, रंग काढायचा, जाळी विणायची. नारळी पौर्णिमेआधीची ही लगबग आणि तारिणीचे मुक्काम, काम एकाच जातीचं. फरक इतकाच, की तारिणीला दोन महिने मिळत नाहीत. फ्रीमँटलला ती 9 नोव्हेंबरला पोहोचली आणि 24 ला निघाली. त्या पंधरवड्यात दुरुस्ती, रेशन भरणं आणि हवामानाचे अंदाज पाहणं, सगळं बसवायचं.

तारिणी मुळात गोव्याचीच. दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने जगप्रदक्षिणा केली, ती बोटही दांडेकरांचीच. दोंदेंना भर समुद्रात डोलकाठीवर चढायची वेळ आली असती, तर खाली विंचवर कुणीच नव्हतं.

दिलना आणि रूपा 29 मे 2025 रोजी मुरगाव बंदरात परतल्या.