कोलोनोस्कोपीआधीचे जुलाबाचे औषध : कोणते सोसवते, कोणते जपून घ्यावे?

कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सांगितली की माणसे नळीला घाबरतात. प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी बहुतेकांना गुंगीचे औषध दिलेले असते. जास्त त्रास होतो तो आतडे साफ करणाऱ्या औषधाचा. चव सहन होत नाही, पोट फुगते, म्हणून अनेक जण अर्धे पिऊन उरलेले मोरीत ओततात. मग आतड्यात मळ राहतो, त्याआड लहान पॉलिप दडू शकतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते. हातावर पोट असणाऱ्याचा आणखी एक रोज बुडतो. म्हणून रुग्णाला जे पूर्ण पिता येईल आणि ज्याने त्याच्या शरीराला अपाय होणार नाही, तेच त्याच्यासाठी चांगले औषध.

पहिला प्रकार पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा. ही पावडर पाण्यात कालवून प्यायची असते. ती शरीरात जवळजवळ शोषली जात नाही आणि तिच्यात क्षार मोजून मिसळलेले असतात, त्यामुळे शरीरातील पाणी व क्षारांचा तोल फारसा बिघडत नाही. १९८० पासून ती वापरात आहे. वृद्ध, मूत्रपिंडाचे वा हृदयाचे रुग्ण यांच्यासाठी डॉक्टर सहसा हीच निवडतात. अडचण प्रमाणाची : जुन्या पद्धतीत ४ लिटर खारट पाणी प्यावे लागते. आता बिसाकोडिलच्या गोळ्या किंवा क जीवनसत्त्वाची जोड देऊन २ लिटरमध्ये भागवता येते.

दुसरा प्रकार सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेटचा. पुडी पेलाभर पाण्यात विरघळवायची. चव बरी, प्रमाण कमी, त्यामुळे पिणे सोपे जाते. मात्र नंतर सांगितलेले पातळ पदार्थ घेतले नाहीत, तर शरीर कोरडे पडते. नुसते साधे पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरू शकते. मूत्रपिंडे फार निकामी असतील तर हे देत नाहीत.

तिसरा प्रकार सल्फेट क्षारांच्या द्रावणाचा. प्रमाण कमी, साफसफाई चांगली, पण चवीमुळे काहींना उलटी होते. सोबत पाणीही भरपूर प्यावे लागते.

चौथे सोडियम फॉस्फेट. थोडेसेच प्यायचे असल्याने ते रुग्णांना आवडायचे. पण त्यातील फॉस्फेट मूत्रपिंडात साचून ती कायमची निकामी झाल्याची उदाहरणे पुढे आली आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कडक इशारा दिला. दुकानदाराच्या सांगण्यावरून हे घेऊ नये. घरातले एरंडेल हाही या औषधांना पर्याय नाही.

औषध कोणतेही असो, ते दोन भागांत घेतल्याने मोठा फरक पडतो : अर्धे आदल्या संध्याकाळी, अर्धे तपासणीच्या ४ ते ६ तास आधी. आतडे अधिक स्वच्छ होते आणि एका वेळी कमी प्यावे लागते. शेवटचा घोट कधी घ्यायचा, याबाबत रुग्णालयाने दिलेली वेळ पाळावी. द्रावण थंड करून, सावकाश, स्ट्रॉने प्यावे. मळमळल्यास थोडे थांबून पुन्हा सुरू करावे. वारंवार पुसून कातडी सोलवटते, म्हणून पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावावे. आदल्या दिवशी भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे, पेरू, डाळिंब टाळावे. गाळलेले लिंबूपाणी, नारळपाणी, बिनदुधाचा चहा चालतो. पण मूत्रपिंडाच्या रुग्णाने नारळपाणी विचारूनच घ्यावे.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रात्रीतून आठ-दहा वेळा सार्वजनिक शौचालयापर्यंत जाणे वृद्ध माणसाला, एकट्या बाईला शक्य नसते. हे डॉक्टरांना आधीच सांगा. दुपारची वेळ मिळाली, तर औषधाचा दुसरा भाग उजाडल्यावर घेता येतो. नाहीतर घरात शौचालय असलेल्या नातेवाइकाकडे एक रात्र सोय करा, नाहीतर रुग्णालयात दाखल होऊन तयारी करता येईल का ते विचारा.

रुग्णासोबत जाताना मधुमेह, मूत्रपिंड, हृदय यांचे आजार, रक्त पातळ करणारी औषधे आणि लोहाच्या गोळ्या यांची यादी डॉक्टरांना दाखवा. कोणती गोळी कधी बंद करायची हे त्यांनाच ठरवू द्या. सूचना इंग्रजीत असतील तर मराठीत, वेळेसकट लिहून घ्या आणि तो कागद रुग्णाच्या हाती द्या.