दोन ध्वजांची विनाशिका : ‘रॉदरहॅम’ ते ‘राजपूत’

भारतीय नौदलाच्या पहिल्या ‘राजपूत’ या युद्धनौकेचे नाव बहुतेकांना 1971 च्या डिसेंबरमधील एका रात्रीमुळे ठाऊक असते. त्या रात्री विशाखापट्टणमच्या बंदराबाहेर पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी बुडाली. तोवर ही नौका एकोणतीस वर्षांची झाली होती. तिने दुसरे महायुद्ध पाहिले होते, दोन देशांच्या आरमारांत सेवा बजावली होती आणि गोवामुक्तीच्या मोहिमेतही भाग घेतला होता. एका रात्रीच्या कीर्तीआड हा सारा सेवाकाळ झाकला जाणे हा तिच्यावर राबलेल्या खलाशांच्या पिढ्यांवर अन्याय आहे. म्हणूनच तिचा इतिहास आरंभापासून, आणि त्यातील न मिटलेल्या वादासह, मांडणे अगत्याचे ठरते.

‘राजपूत’ ही विनाशिका या वर्गातली नौका होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून स्वतःच्या बळावर धावणारे स्फोटक अस्त्र, घेऊन हल्ला करणाऱ्या छोट्या वेगवान नौका निघाल्या, तेव्हा त्यांचा समाचार घेण्यासाठी तितक्याच चपळ, पण अधिक तोफा असलेल्या नौका बांधण्यात आल्या. हाच विनाशिकांचा उगम होय. पुढे पाणबुड्यांचा धोका वाढला आणि मोठ्या युद्धनौकांची व व्यापारी जहाजांची पाठराखण करणे, पाण्याखालचा शत्रू हुडकणे आणि त्याच्यावर तुटून पडणे ही कामेही विनाशिकांकडे आली. जाड चिलखत अंगावर वागवले तर वेग राहत नाही, म्हणून या नौकांचे पत्रे पातळ ठेवले जात आणि त्यांचा बचाव मुख्यतः त्यांची गती व खलाशांची सावधगिरी यांवरच अवलंबून असे.

स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत 1941 मध्ये या नौकेची बांधणी सुरू झाली. मार्च 1942 मध्ये तिचे जलावतरण झाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘रॉदरहॅम’ या नावाने ती ब्रिटिश नौदलात दाखल झाली. युद्धकाळात तातडीने बांधलेल्या आठ नौकांच्या ‘आर’ वर्गाची ती म्होरकी होती, म्हणजे ताफ्याचा प्रमुख अधिकारी तिच्यावरून हुकूम देत असे. तिची लांबी सुमारे 109 मीटर होती, एसटीच्या दहा गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल तेवढी. रुंदी मात्र जेमतेम 11 मीटर. तेलावर चालणाऱ्या दोन बॉयलरांतील वाफेवर तिची टर्बाइने फिरत आणि सुमारे 40,000 अश्वशक्तीच्या जोरावर तिला ताशी 36 सागरी मैलांपर्यंत वेग घेता येई. तिच्यावर 4.7 इंची चार तोफा, टॉर्पेडो सोडणाऱ्या आठ नळ्या आणि डेप्थ चार्ज होते. डेप्थ चार्ज म्हणजे पिंपाच्या आकाराचा, ठरवून दिलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबाने फुटणारा बॉम्ब.

या वर्गात रचनेचा एक लहानसा, पण मोलाचा बदल झाला होता. त्याआधीच्या ब्रिटिश विनाशिकांवर अधिकाऱ्यांच्या खोल्या मागच्या टोकाला असत, आणि खवळलेल्या समुद्रात लाटा डेकवरून वाहू लागल्या की तेथून पुढच्या बाजूच्या नियंत्रणकक्षापर्यंत पोहोचणे जिवावरचे होई. ‘आर’ वर्गात या खोल्या पुढे आणल्या गेल्या. हल्ल्याचा इशारा होताच अधिकारी आपल्या जागी क्षणात हजर झाला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

‘रॉदरहॅम’च्या युद्धसेवेचा मोठा भाग हिंदी महासागरात, ब्रिटनच्या पूर्वेकडील आरमारात गेला. 25 जुलै 1944 रोजी या आरमाराने सुमात्राच्या उत्तर टोकाजवळील साबांग या जपानी तळावर तोफांचा मारा केला. त्या मोहिमेतील विनाशिकांमध्ये ‘रॉदरहॅम’ होती आणि तिची भगिनी नौका ‘रेडर’ही होती. सप्टेंबर 1945 मध्ये जपानी फौजा शरण आल्यावर सिंगापूरचा नौदल तळ ताब्यात घेण्याचे काम ‘रॉदरहॅम’च्या अधिकाऱ्यांनी व खलाशांनी केले.

स्वातंत्र्यानंतर भारताला स्वतःचे आरमार उभे करायचे होते, आणि युद्ध संपल्याने ब्रिटनकडे नौका गरजेपेक्षा जास्त झाल्या होत्या. 1948 मध्ये ‘दिल्ली’ ही क्रूझर भारतात आली, आणि 1949 मध्ये ‘आर’ वर्गातील तीन विनाशिका भारताने घेतल्या: ‘रॉदरहॅम’ची ‘राजपूत’ झाली, ‘रिडाउट’ची ‘रणजित’ आणि ‘रेडर’ची ‘राणा’. 26 जानेवारी 1950 रोजी भारत प्रजासत्ताक झाल्यावर नौकांच्या नावांमागील ब्रिटिश राजाचा उल्लेख गेला आणि ‘आयएनएस’ ही आजची ओळख आली. त्या काळी मोठ्या युद्धनौकांच्या डागडुजीचा मुख्य भार मुंबईच्या नौदल गोदीवर होता. वाफेवरच्या युद्धनौकेला सांभाळणे जिकिरीचे असते, कारण बॉयलरच्या नळ्या साफ ठेवाव्या लागतात, खारे पाणी आत शिरू द्यायचे नसते आणि गंजणारे पत्रे वेळीच बदलावे लागतात. युद्धाच्या घाईत बांधलेली नौका तीन दशके समुद्रावर टिकली, याचे बरेचसे श्रेय गोदीतील कामगारांना आणि नौकेच्या पोटातील उकाड्यात घाम गाळणाऱ्या इंजिन विभागाला द्यावे लागते.

डिसेंबर 1961 मध्ये गोवा, दमण आणि दीव पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त करण्यासाठी ‘ऑपरेशन विजय’ हाती घेतले गेले, तेव्हा ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेभोवती जो गट उभा केला होता त्यात ‘दिल्ली’, ‘कुठार’, ‘कृपाण’ आणि ‘खुकरी’ यांच्यासह ‘राजपूत’ होती. मुरगाव बंदरात ‘बेतवा’ व ‘बियास’ या फ्रिगेटांनी पोर्तुगिजांच्या ‘आफोन्सो दे आल्बुकेर्क’ या नौकेशी प्रत्यक्ष झुंज दिली, आणि इतिहासात तीच ठळकपणे नोंदली गेली. विमानवाहू नौकेची राखण करणाऱ्यांच्या वाट्याला अशी झुंज येत नाही. शत्रू जवळ फिरकला नाही, यातच त्यांच्या कामाचे यश असते.

1971 मध्ये युद्धाचे ढग जमू लागले तेव्हा ‘विक्रांत’ पूर्वेच्या समुद्रात होती आणि तिला बुडवणे हे पाकिस्तानच्या नौदलाचे मोठे लक्ष्य होते. त्यासाठी 14 नोव्हेंबरला ‘गाझी’ कराचीहून निघाली. ही मूळची अमेरिकी ‘डायाब्लो’ होती आणि इतक्या दूरच्या बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊ शकणारी पाकिस्तानची ती एकमेव पाणबुडी होती. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी ‘विक्रांत’ अंदमानकडे दडवली आणि म्हाताऱ्या ‘राजपूत’ला तिचे सोंग घ्यायला लावले. कृष्णन यांच्या कथनानुसार ‘राजपूत’ने समुद्रात जाऊन मोठ्या नौकेला शोभेल असा बिनतारी संदेशांचा धडाका लावला, विशाखापट्टणममध्ये मोठ्या ताफ्याला पुरेल एवढ्या शिधासामग्रीची मागणी नोंदवण्यात आली, आणि ‘विक्रांत’वरील एक खलाशी आजारी आईची विचारपूस करत आहे अशी साधी तारही मुद्दाम उघडपणे पाठवण्यात आली.

3 डिसेंबरला युद्ध पेटले. त्या रात्री इंधन भरून झाल्यावर लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांनी ‘राजपूत’ बंदराबाहेर काढली. पाणबुडी बाहेर टपून बसलेली असू शकते, अशी ताकीद त्यांना आधीच मिळाली होती. बंदराच्या वाटाड्याला उतरवून नौका पुढे जाते न जाते तोच टेहळणीवरच्या खलाशाला उजव्या बाजूला पुढे पाणी ढवळल्यासारखे दिसले. इंदर सिंग यांनी पूर्ण वेगाचा हुकूम दिला आणि त्या जागेवरून जाताना दोन डेप्थ चार्ज टाकले. उथळ पाण्यात हे अस्त्र टाकणाऱ्या नौकेने झपाट्याने दूर जायला हवे, नाहीतर तिचेच मागचे टोक निकामी होते. म्हणून वेग आवश्यक होता. पाणबुडीची खूण हाती लागली नाही तेव्हा ‘राजपूत’ नेमून दिलेल्या कामगिरीवर पुढे निघून गेली. मध्यरात्रीनंतर किनाऱ्यावर प्रचंड स्फोटाचा हादरा जाणवला. पुढे कोळ्यांना समुद्रावर तेलाचा तवंग आणि तरंगणारे सामान दिसले आणि गोताखोरांनी तळाशी जाऊन ती ‘गाझी’च असल्याची खात्री केली. तिच्यावरील नव्वदहून अधिक खलाशांपैकी एकही वाचला नाही.

‘गाझी’ कशाने बुडाली, याविषयी आजही एकमत नाही. भारताच्या अधिकृत भूमिकेप्रमाणे ती ‘राजपूत’च्या डेप्थ चार्जमुळे बुडाली. पाकिस्तानच्या बाजूने तिने स्वतःच पेरलेल्या सुरुंगाचे किंवा आतील अपघाती स्फोटाचे कारण दिले जाते, आणि काही भारतीय अधिकाऱ्यांनीही आतील स्फोटाची शक्यता मोकळेपणाने मान्य केली आहे. ‘राजपूत’च्या घावाने पाणबुडी गांगरली आणि मग आतील अस्त्रांचा स्फोट झाला, असाही एक तर्क आहे. मात्र यांपैकी कोणतेही कारण खरे ठरले तरी ‘राजपूत’ची मुख्य कामगिरी अबाधित राहते. ‘विक्रांत’ सुरक्षित राहिली, तिची विमाने पूर्व पाकिस्तानच्या बंदरांवर तुटून पडली आणि समुद्रमार्गे सुटकेची वाट बंद झाली. त्यात एका जुन्या विनाशिकेने उठवलेल्या हुलीचा वाटा निश्चित आहे. शौर्यकथा निर्विवाद असावी असा हट्ट धरण्याचे कारण नाही. शंका नोंदवूनही ज्याचा मान उणावत नाही, तोच पराक्रम खरा टिकाऊ म्हणावा.

त्याच युद्धात 9 डिसेंबरला दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ला पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जलसमाधी मिळाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 खलाशी तिच्याबरोबर गेले. दहा वर्षांपूर्वी एकाच गटात निघालेल्या दोन नौकांचे नशीब पाणबुडीशी गाठ पडताच असे निराळे निघाले. पाण्याखालच्या युद्धात क्षणाचा उशीरही किती महाग पडतो, हे या दोन प्रसंगांवरून कळते.

‘राजपूत’ 1976 मध्ये मोडीत निघाली. तिचे नाव 1980 मध्ये सोव्हिएत बनावटीच्या नव्या क्षेपणास्त्रवाहू विनाशिकेला मिळाले आणि तीही 2021 मध्ये निवृत्त झाली. जिच्यासाठी पहिल्या ‘राजपूत’ने जोखीम पत्करली ती ‘विक्रांत’ मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती, पण अखेर 2014 नंतर तिचेही भंगार झाले. लोखंड जपणे खर्चाचे असते, हे मान्य. पण सेवेची नीट, खरी नोंद जपायला तेवढा खर्च लागत नाही, आणि ज्या आरमाराची उभारणी परक्यांच्या जुन्या नौकांवर झाली त्याने तर ती नोंद प्राणपणाने जपली पाहिजे. एका रात्रीच्या स्फोटाइतकाच बॉयलरच्या नळ्या साफ करणारा, गोव्याच्या समुद्रात पहारा देणारा आणि अंधारात पाण्यावर डोळा ठेवून उभा असलेला खलाशी तीत दिसला, तरच ‘राजपूत’चा इतिहास पुरता लिहिला गेला असे म्हणता येईल.